पगार थांबतो, दाखला थांबत नाही

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख रुपये आहे. समजा, वडिलांना महिना 80 हजार पगार होता आणि ऑक्टोबरअखेर कारखाना बंद पडला. एप्रिलपासूनच्या सात महिन्यांचे 5 लाख 60 हजार झाले. दाखल्यात मात्र जुन्या पगारावरून 9 लाख 60 हजार धरले असतील, तर भांडायला जागा आहे. नोकरी संपल्याचे पत्र आणि बँकेचे पासबुक जोडून तहसीलदारांकडे नव्याने दाखला मागावा.

पण कारखाना मे महिन्यात बंद पडला असेल तर? दाखला 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा असतो. तिथे अपिलाचा उपयोग नाही. मला हे निर्दय वाटते; चूल काही आर्थिक वर्ष पाहून विझत नाही. अशा वेळी कॉलेजकडे फीचे हप्ते मागावेत, आणि पुढच्या एप्रिलनंतर नवा दाखला काढावा.

नकार मिळाला तर तोंडी घेऊ नका. ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर अपील उभे राहत नाही. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार नकाराचे कारण लेखी द्यावे लागते. पहिले अपील कोणाकडे करायचे, तेही कळवावे लागते. नकार हाती पडल्यापासून 30 दिवसांत ते करायचे. दाखलाही नाही, नकारही नाही, असे झाले तर ठरलेली मुदत संपल्यापासून तेवढेच दिवस. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. तिच्यावर तारीख आहे ना, तेवढे खिडकीवरच पाहून घ्या.