उन्हाळ्याची गावं – लेखांक 6 : खिंडीतली हॉटेलं

पेनसिल्व्हेनियात डेलावेअर नदीच्या काठाने जाणाऱ्या 611 क्रमांकाच्या रस्त्यावर, एका वळणापाशी गाड्या लावायला जागा केलेली आहे. लोक उतरतात, समोरचा डोंगर आणि खालची नदी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या झाडीत दगडी भिंतींचे अवशेष आहेत, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिथून एक ओढा खाली येतो. एके काळी हा ओढा एका बड्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून वाहायचा.

हॉटेलचं नाव किटाटिनी हाउस आणि गावाचं नाव डेलावेअर वॉटर गॅप. किटाटिनी ही लांबलचक डोंगररांग, आणि ती नदीने इथे आरपार कापली आहे. या तीरावर मिन्सी आणि पलीकडे, न्यू जर्सीत, टॅमनी असे दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत. टॅमनीचा माथा नदीपासून हजार फुटांहून उंच आहे. गावाची वस्ती आजही हजाराच्या आतच.

गाव वसवलं आन्त्वान द्युतो या फ्रेंच माणसाने. आज जिथे हैती आहे, त्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला, तेव्हा जे मळेवाले जीव घेऊन पळाले त्यांपैकी हा एक. 1793 मध्ये त्याने इथे जमीन घेतली, नगराचा आराखडा आखला आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. नगर मात्र काही वाढेना. उतारवयात, 1829 मध्ये, त्याने नदीवरच्या उंचवट्यावर एक छोटं हॉटेल बांधायला घेतलं, पण तेही पुरं व्हायच्या आत विकलं. 1833 मध्ये ते उघडलं ते दुसऱ्याच्या हातून. हेच ते किटाटिनी हाउस. सोय होती 25 पाहुण्यांची.

पुढची गोष्ट आगगाडीची आहे. 1856 मध्ये, म्हणजे मुंबई–ठाणे गाडी धावल्यानंतर तीन वर्षांनी, डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न कंपनीचे रूळ या खिंडीतून गेले. कंपनीचा डोळा हवापालट करणाऱ्यांवर नव्हता. तिला स्क्रँटनच्या खाणींतला दगडी कोळसा न्यू यॉर्कच्या दिशेने न्यायचा होता, आणि नदीने डोंगरातून वाट आयती करून ठेवली होती. कोळसा एका दिशेने गेला, पाहुणे दुसरीकडून आले. 1860 पर्यंत किटाटिनी हाउसमध्ये 250 माणसांची सोय झाली होती.

न्यू यॉर्क किंवा फिलाडेल्फियातला उन्हाळा म्हणजे तापलेल्या विटा, घोड्यांची लीद आणि साथीच्या रोगांची धास्ती. ऐपत असलेली कुटुंबं बायकामुलांना आठवडेच्या आठवडे डोंगरात ठेवत, घरधनी सवड काढून येऊन जाऊन असे. खोलीच्या भाड्यातच दिवसाचं सगळं जेवणखाण धरलेलं. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने यातली खरी गंमत अशी, की गाडीने आलेला पाहुणा एकदा स्टेशनावर उतरला की मग दुसरीकडे जाणार तरी कुठे? त्यामुळे त्याला रमवणं आलं. लांबरुंद व्हरांडे, नाच, नदीत होड्या, डोंगरात आखलेल्या पायवाटा. त्या ओढ्याचं ‘कॅल्डेनो’ हे नावही अशाच रिकामटेकड्या दिवसांतलं. ऐकायला ते इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं वाटतं, पण आहे ते तिघा पाहुण्यांच्या आडनावांतली अक्षरं जुळवून केलेलं!

नावं जुळवायची हौस पाहुण्यांना, तर गोष्टी जुळवायची हॉटेलवाल्यांना. ब्रॉडहेड घराण्याने किटाटिनी हाउस नावारूपाला आणलं. त्यांतल्या ल्यूक ब्रॉडहेडने खिंडीच्या इतिहासावर पुस्तकच लिहिलं. त्यात वसाहतीच्या काळाची माहिती आहे, निसर्गवर्णन आहे, आणि विनोना नावाच्या आदिवासी राजकन्येच्या एका डच माणसावर जडलेल्या प्रीतीची करुण कहाणीही आहे. तिच्या खरेपणाबद्दल शंकाच घ्यावी, पण पाहुण्यांना कडा दाखवताना अशी कहाणी हाताशी असली तर बरं पडतं. 1872 मध्ये याच ल्यूकने गावाच्या वरच्या टेकडीवर स्वतःचं वॉटर गॅप हाउस उघडलं.

रेल्वेलाही या प्रवाशांचं मोल कळलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅकवाना कंपनीने जाहिरातींत ‘फीबी स्नो’ नावाची एक तरुणी आणली. ती कायम पांढऱ्याशुभ्र पोशाखात असे. मुद्दा असा, की आमची इंजिनं अँथ्रासाइट कोळसा जाळतात, त्याची काजळी उडत नाही, प्रवासानंतरही कपडे जसेच्या तसे राहतात. ज्या कोळशासाठी रूळ टाकले, तोच आता पाहुणे गोळा करायच्या कामी आला.

1910 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट वॉटर गॅप हाउसमध्ये येऊन गेले. पाचच वर्षांनी ते हॉटेल जळालं. किटाटिनी हाउस 1892 मध्ये जवळजवळ नव्याने उभं राहिलं होतं; 1931 मध्ये तेही आगीत गेलं. दोन्ही पुन्हा बांधली गेली नाहीत.

त्यामुळे या गावाची हॉटेलं आगीने संपवली असं सहज म्हटलं जातं. पण लाकडी हॉटेलं तेव्हा सगळीकडेच जळत, आणि धंदा जोरात असला की मालक राखेवर नवी इमारत उभी करत. इथे ते झालं नाही, कारण तोवर मोटार आली होती. मोटारवाला एक रात्र राहतो, सकाळी न्याहारी करून पुढच्या गावाला जातो. पाहुण्याला महिनाभर रमवायच्या हिशोबाने बांधलेला डोलारा मालकाला परवडणार कसा? किटाटिनी जळालं तेव्हा तर मंदीही होती. पुढे 1953 मध्ये नदीवर महामार्गाचा पूल झाला आणि वाहनांना गावात शिरायचीही गरज उरली नाही.

जुन्यांपैकी एक मात्र टिकलं. पूर्वी सेंट्रल हाउस नावाने चालणारं हॉटेल आज डिअर हेड इन म्हणून ओळखलं जातं, आणि गेली अनेक दशकं तिथे जॅझ वाजतं. जवळच्या ॲलनटाउनचा पियानोवादक कीथ जॅरेट मिसरूड फुटण्याच्या वयात इथे वाजवत असे. जगभर नाव झाल्यावर 1992 मध्ये तो परत आला आणि त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण दोन वर्षांनी बाजारात आलं.

उन्हाळ्यात गावात अजूनही मुक्कामी येतात ते बरेचसे पायी. जॉर्जियापासून मेनपर्यंतची अ‍ॅपलाचियन पायवाट या गावातूनच जाते. पाठीवर बोजा घेऊन, शेकडो मैल चालून आलेली ही मंडळी इथल्या चर्चने चालवलेल्या साध्या निवाऱ्यात पथारी पसरतात, मोजे धुऊन वाळत घालतात आणि पुन्हा चालू लागतात.