सोयरिकीचे राजकारण

फलटण, भोसरे आणि तळबीड. सातारा जिल्ह्यातली ही तीन गावे म्हणजे भोसल्यांच्या सुनांची माहेरे. फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या सईबाई १६४० मध्ये शिवरायांशी विवाहबद्ध झाल्या. पुढे शिवरायांची कन्या सखुबाई त्याच घरात सून म्हणून गेली. भोसरे हे सरसेनापती प्रतापराव गुजरांचे गाव. १६७४ मध्ये ते नेसरीला धारातीर्थी पडले, आणि १६८० मध्ये त्यांची लेक जानकीबाई शिवरायांचे धाकटे पुत्र राजाराम यांची पत्नी झाली. वतनदार, सरदार आणि राजघराणे यांना बांधून ठेवायला त्या काळी सोयरिकीएवढे पक्के साधन नव्हते.

तरी ते साधन पुरेसे नव्हते, हे तळबीडच्या मोहित्यांनी दाखवले. १६८० मध्ये शिवरायांच्या मृत्यूनंतर त्यांच्या राणी, मोहित्यांच्या लेक सोयराबाई यांनी आपल्या मुलाला, राजारामांना गादीवर बसवले. राजारामांचे सख्खे मामा हंबीरराव मोहिते मात्र शिवरायांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांच्या बाजूने उभे राहिले. भाच्यापेक्षा त्यांनी राज्याचा विचार केला. शिर्क्यांच्या घरी याच्या उलट घडले. येसूबाई संभाजीराजांना दिलेल्या, त्यांचे भाऊ गणोजी शिवरायांचे जावई. अशी दुहेरी सोयरीक असूनही गणोजी मोगलांना मिळाले.

नाती अशी ताणली गेली तेव्हा राज्य सावरले ते सासरी आलेल्या स्त्रियांनी. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली. येसूबाईंनी आपल्या लहान मुलासाठी, शाहूंसाठी हट्ट न धरता धाकट्या दिरांना, राजारामांना पुढे केले, त्यांना रायगडाबाहेर काढले आणि स्वतः गड लढवला. त्याची किंमत म्हणजे मोगलांची कैद. सुटका झाली १७१९ मध्ये.

हंबीररावांची कन्या ताराबाई राजारामांच्या मामेबहीण आणि पत्नी, म्हणजे सोयराबाई त्यांच्या आत्याही आणि सासूही. १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले आणि लगोलग साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला. ताराबाईंनी आपल्या मुलाला, धाकट्या शिवाजींना गादीवर बसवून कारभार हाती घेतला. फौजा नर्मदेपलीकडे धाडल्या. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, पण मराठे नमले नाहीत.

याआधी, सतराव्या शतकात जर्मनीतल्या हेस्से-कासेलच्या आमालिए एलिझाबेथ हिनेही हेच केले होते. १६३७ मध्ये ती विधवा झाली. तीस वर्षांच्या युद्धात अज्ञान मुलाच्या नावाने तिने राज्य चालवले, सैन्य पोसले आणि १६४८ च्या तहात आपल्या राज्याचा हक्क पदरात पाडून घेतला. राजघराण्यांनी मुली दिल्या-घेतल्या तहासाठी. संकटात त्यांच्यातून राज्यकर्त्या उभ्या राहिल्या.

सोयरिकीचा हाच धागा धरला, तर सांगलीचा इतिहासही एका लेकीपाशी पोचतो. पेशवे बाळाजी विश्वनाथांची कन्या अनूबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली होती. घोरपड्यांचे उपाध्ये हरभट पटवर्धन. या नात्यामुळे पटवर्धनांना पुण्याचा दरवाजा उघडला, हरभटांची मुले पेशव्यांच्या फौजेत नावारूपाला आली, आणि त्यांच्याच वंशात मिरज, तासगाव, सांगली ही संस्थाने उभी राहिली. अनूबाईंनी पतीमागे इचलकरंजीचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळला.

जुन्या वंशावळींत मुलगे नावानिशी येतात; मुली पुष्कळदा नुसत्या ‘अमक्यांची कन्या’ म्हणून. आपल्या घरी अशी वंशावळ असेल, तर आज्या-पणज्यांची नावे आणि माहेरची गावे विचारून तीत लिहून ठेवा. दोन घराणी कुणी जोडली आणि वेळ आल्यावर कुणी तारली, हे त्यावाचून कळायचे नाही.