कॉर्नेलियाबाईंच्या बागा

नव्या सोसायटीत ब्लॉक घेताना बिल्डरने तुम्हाला नकाशा दाखवलाच असेल. हॉल दाखवून होतो, स्वयंपाकघर दाखवून होतं, गाड्यांची जागा दाखवून होते आणि मग बोट एका हिरव्या ठिपक्यावर येतं: "आणि ही इथे बाग!" सगळं बसवून झाल्यावर जो कोपरा उरला, तो बागेचा. तिथे चार शोभेची झाडं, एक घसरगुंडी आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी. आपल्यालाही त्यात वावगं वाटत नाही. बाग म्हणजे शेवटी लावायची शोभा, असंच आपण धरून चालतो ना!

कॅनडातल्या व्हॅन्कुव्हर शहरात एका बाईंनी साठाहून अधिक वर्षं याच्या अगदी उलट सांगितलं आणि करूनही दाखवलं. त्यांचं नाव कॉर्नेलिया हान ओबरलँडर. व्यवसाय लँडस्केप आर्किटेक्टचा. आर्किटेक्ट जसा भिंतींचा नि छपराचा विचार करतो, तसा या मंडळींनी भोवतालच्या जमिनीचा, पाण्याच्या निचऱ्याचा, झाडांचा आणि तिथे वावरणाऱ्या माणसांचा करायचा. बाईंचं म्हणणं एवढंच, की इमारतीची पहिली रेघ ओढली जाते त्या दिवसापासून मला बैठकीला बोलवा. सगळं ठरल्यावर कुंड्या मांडायला बोलवू नका.

त्यांचा जन्म १९२१ चा, जर्मनीतला. अकरा वर्षांच्या असताना एका चित्रकाराकडे भिंतीवरचं मोठं चित्र पाहिलं. त्यात नदी, गाव आणि मधेमधे हिरवे तुकडे. हे हिरवं काय, असं विचारलं तर कळलं, ती उद्यानं. घरी येऊन पोरीने आईला सांगितलं, मला हेच करायचंय. आई स्वतः बागकामातली जाणकार, मुलांसाठी बागेवर पुस्तकं लिहिणारी. १९३३ मध्ये वडील बर्फाच्या कड्याखाली सापडून गेले. पुढे ज्यू म्हणून देश सोडावा लागला. १९३९ मध्ये अमेरिकेत पोचल्यावर या आईने भाजीपाल्याचा मळा करून संसार पुन्हा उभा केला. मुलीचे हात मातीत मळले ते असे, हौसेने आणि गरजेनेही.

हार्वर्डच्या या शाखेत बायकांना प्रवेश मिळू लागला तो महायुद्धाच्या काळात. त्या पहिल्या काही जणींत कॉर्नेलियाबाई होत्या. १९४७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. १९५३ मध्ये पीटर ओबरलँडर या नगररचनाकाराशी लग्न केलं आणि व्हॅन्कुव्हरला आल्या. मुलं तीन. ऑफिस कुठे? घरातच! मोठ्ठी कंपनी, पन्नास माणसं, असा थाट त्यांनी कधी केला नाही. हाताशी मोजकी माणसं. त्यांत एलिझाबेथ व्हाइटलॉ या सहकारी अनेक वर्षं बरोबरीने काम करणाऱ्या. बाकी टीम कामागणिक जमे. आर्किटेक्ट, इंजिनियर, रोपवाटिकावाले, सगळे एका टेबलाशी.

सुरुवातीची कामं मुलांच्या खेळाच्या जागांची. (बाईमाणसाकडे मुलांचं काम द्यावं, हा तिकडचाही रिवाज असणार, असं मला आपलं वाटतं!) पण त्यांनी त्याचं सोनं केलं. १९६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी मुलांसाठी अंगण उभारलं. त्यात मातीचा उंचवटा होता, वाळू होती, पाण्याचा चर होता, चढायला ओंडके होते आणि डुलणारी होडी होती. मुलांनी रांगेत उभं राहून एकेकाने घसरायचं, हे त्यांना पटत नसे. मुलांना बांधायला, मोडायला आणि भिजायला मिळालं पाहिजे. पुढे अशी सत्तराहून जास्त क्रीडांगणं त्यांनी आखली.

समुद्रकिनाऱ्यावर वाहून येणारे ओंडके नगरपालिका जाळून टाकत असे. १९६३ मध्ये बाईंनी सुचवलं, जाळता कशाला, बसायला ठेवा की! व्हॅन्कुव्हरच्या किनाऱ्यावर लोक आजही त्यांना टेकून बसतात.

सर्वांत गाजलं ते रॉबसन स्क्वेअर. शहराच्या ऐन मध्यभागी सरकारी कचेऱ्यांचा उंच मनोरा व्हायचा होता. १९७२ नंतर नव्या सरकारने तो बेत बदलला. आर्किटेक्ट आर्थर एरिक्सन यांनी मनोरा जणू आडवा निजवला आणि त्याच्या छपरावर कॉर्नेलियाबाईंनी बाग केली. धबधबे, मेपल, पाइन, कठड्यांवरून खाली झेपावणाऱ्या वेली. खाली कचेऱ्यांत काम चाललंय आणि वर माणसं डबा खाताहेत!

आता गच्चीवर बाग म्हटल्यावर तुमच्या मनात आधी ओल आलीच असेल. बरोबरच आहे. त्यात वजनाचाही हिशेब करून पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफ्यात नुसती ओली माती भरली, तर ती साधारण ५०० किलो होते. म्हणून रॉबसन स्क्वेअरला हलकं मिश्रण वापरलं, आणि निचऱ्याचा विचार छपराबरोबरच केला. आपल्याकडे आधी कुंड्या चढतात आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडल्यावर वॉटरप्रूफिंग आठवतं. तेव्हा गच्चीवर वाफे करायचे असतील तर आधी इंजिनियरला विचारा. कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून माती हलकी करा आणि जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या वर येतील अशा ठेवा.

या कामावर टीकाही झाली, आणि ती खोटी नाही. तिथल्या पायऱ्यांमधून तिरका उतार काढलाय. फोटोत फार सुरेख दिसतो. पण चाकांच्या खुर्चीला तो चढ अवघड, आणि अधू नजरेच्या माणसाला पायरी कुठे संपली ते कळत नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या आईलाही विचारायला हवं होतं, नाही का?

मला मात्र त्यांचं यलोनाइफचं काम जास्त आवडतं. कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत सहज उतरतो, तिथे १९९३ मध्ये विधानसभेची इमारत झाली. बाहेरच्या रोपवाटिकेतली रोपं तिथे तगणार कशी? मग बाईंनी त्या जागेवरच्याच झाडांचं बी आणि फांद्या गोळा करवल्या, दक्षिणेला व्हॅन्कुव्हरला नेऊन रोपं वाढवली आणि पुन्हा तिथेच आणून लावली. माहेरची लेक माहेरी!

१९९५ मध्ये व्हॅन्कुव्हरच्या मध्यवर्ती वाचनालयाच्या गच्चीवर त्यांनी निळसर आणि हिरव्या गवतांनी फ्रेझर नदी रेखाटली. पण वर जायची लोकांना मुभा नव्हती. शेजारच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून तेवढी ती दिसे. २०१८ मध्ये वरचे मजले वाचनालयाने वापरात घेतले आणि गच्ची सगळ्यांना खुली झाली. बाई तेव्हा ९७ वर्षांच्या होत्या. २०२१ च्या मे महिन्यात, शंभरीला महिनाभर उरला असताना, कोविडने त्या गेल्या. त्या गच्चीवर आता कुणीही पुस्तक घेऊन बसतं.