ब्रॉयलर कोंबडीचे हाल कार्डावर दिसत नाहीत
— ऊस विकास अधिकारी



उसाला जोडधंदा म्हणून अनेक शेतकरी बंधूंनी ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड बांधले आहे. बहुतेक ठिकाणी करार पद्धत आहे. पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे. शेड, पाणी, वीज, तूस आणि मेहनत आपली. ३५ ते ४२ दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो, गाडी येते, आणि मग हिशेब होतो. त्या वेळी विचारणा दोनच गोष्टींची होते : वजन किती पडले आणि मरतूक किती झाली.

हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते उशिरा कळतात. काट्यावर टन कळतो, पण ऊस तोडीला आला की नाही हे पाहायला आपण उभ्या प्लॉटातच हँड रिफ्रॅक्टोमीटर लावतो. शेडचेही तसेच आहे. मेलेली कोंबडी कार्डावर येते. जिवंत राहून दुखणे सोसणारी कोंबडी कार्डावर येत नाही. ती पाण्यापर्यंत चालत जात नाही, खाद्य कमी खाते, वजन धरत नाही. म्हणजे हाल तिचे आणि नुकसान आपले. म्हणून रोज दोन वेळा शेडमध्ये फिरून पुढील गोष्टी पाहाव्यात आणि वहीत लिहाव्यात.

१) पिल्लांची बसण्याची पद्धत. पहिल्या दिवशी ब्रूडरखाली सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सियस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करीत जावे. परंतु थर्मामीटरपेक्षा पिल्लू खरे बोलते. सगळी ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे. चोच उघडून लांब पळाली तर उष्णता जास्त आहे. एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा येतो आहे, तिकडचा पडदा पाहा. सगळीकडे सारखी पसरलेली असली म्हणजे ठीक. दुसऱ्या दिवशी काही पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर पिल्लाला खाद्य सापडलेले नाही. टणक लागली तर खाद्य मिळाले, पण पाणी मिळाले नाही.

२) पाणी. टाकीतून रोज किती लिटर पाणी गेले हे लिहा. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. पाणी एकाएकी कमी झाले तर आजार दाराशी आला असे समजावे. मरतूक त्यानंतर सुरू होते.

३) लिटर आणि वास. लिटर मुठीत दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओले आहे. अजिबात धरले नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडे आहे. किंचित धरून सुटले तर बरोबर. काही जण तुसाऐवजी बगॅस वापरतात. चालतो, पण तो ओल धरतो व त्याची लवकर ढेपळे होतात, म्हणून वरचेवर हलवावा लागतो. ओल्या लिटरमधून अमोनिया निघतो. तो उभे राहून नीट कळत नाही, शिवाय रोज जाणाऱ्याच्या नाकाला सवय होते. खाली बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर पडदे उघडा, गळकी निपल दुरुस्त करा, ओले लिटर काढून कोरडे घाला.

४) पाय. दर आठवड्याला वजनासाठी काही पक्षी धरतोच. तेव्हाच त्यांचे तळपाय उलटून पाहावेत. काळे डाग, खपली, जखम दिसली तर ती ओल्या लिटरने झालेली भाजणी आहे. स्वीडनमध्ये १९९४ पासून आणि डेन्मार्कमध्ये २००२ पासून कत्तलखान्यात प्रत्येक बॅचचे पाय तपासून गुण देतात. स्वीडनमध्ये पाय खराब निघाले तर त्या शेतकऱ्याला पुढे शेडमध्ये पक्षी कमी ठेवावे लागतात.

५) चाल. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. निरोगी पक्षी उठून बाजूला होतो. जो उठत नाही, दोन पावले टाकून बसतो, पंख टेकून चालतो, तो मोजा. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये चालीसाठी ० ते ५ असे गुण ठरविले : ० म्हणजे उत्तम चाल, ५ म्हणजे उभेही राहता येत नाही. २००८ मध्ये ब्रिटनमधील १७६ बॅचची अशी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सरासरी ४० दिवसांच्या पक्ष्यांपैकी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल खराब (३ गुण किंवा अधिक) निघाली.

लंगडणे म्हणजे वेदना कशावरून, असे कोणी विचारील. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबड्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले, त्यांपैकी एकात वेदनाशामक औषध होते. धडधाकट कोंबड्यांपेक्षा लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य जास्त खाल्ले. यापेक्षा स्पष्ट उत्तर मुका जीव काय देणार?

६) धाप. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वजनदार पक्षी आधी जातो, तोही गाडी यायच्या दोन-चार दिवस आधी, सगळे खाद्य खाऊन झाल्यावर. दुपारी खाद्य उचलावे, सकाळी लवकर व रात्री द्यावे. गार पाणी, छपरावर ओले गवत किंवा पाचट, फॉगर असल्यास फॉगर चालू ठेवावा.

किती पक्षी ठेवावेत? युरोपीय संघाच्या २००७ सालच्या नियमाप्रमाणे चौरस मीटरला ३३ किलो ही साधी मर्यादा आहे. त्याहून जास्त हवे तर अमोनिया दहा लाख भागांत २० भागांच्या आत ठेवणे वगैरे अटी लागतात. सर्वांत वरच्या, म्हणजे ४२ किलोच्या परवानगीसाठी मरतुकीचे सूत्र आहे : १ टक्का अधिक वयाच्या प्रत्येक दिवसाला ०.०६ टक्का. चाळीस दिवसांच्या बॅचला हे ३.४ टक्के येते; ५००० पिल्लांत १७०. लागोपाठ निदान सात बॅच याच्या आत राहिल्या पाहिजेत. मात्र तिकडची दाटी आपण घेऊ नये. आपल्या उघड्या शेडमध्ये, आपल्या उन्हात पक्ष्याला एक चौरस फूट जागा ही रीत आहे आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त द्यावी. त्याच नियमात रात्री निदान चार तास सलग अंधार व दिवसभरात मिळून सहा तास अंधार सांगितला आहे. झोप मिळाली की पायही धड राहतात.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सगळे आपल्या हातात नाही. झपाट्याने वाढणारी जात कंपनी निवडते, पिल्ले किती टाकायची हेही पुष्कळदा तीच ठरवते. पण वही आपल्या हातात असते. “पायांना जखमा आहेत” असे तोंडी सांगितले तर सुपरवायझर मान हलवून जातो. “एवीसाव्या दिवशी ५० पक्ष्यांत १५ जणांचे पाय भाजले, लिटर ओले, पिल्ले जागेच्या मानाने जास्त” असे तारखेसह दाखविले तर पुढच्या बॅचला पिल्ले कमी मागता येतात. वहीत मेलेले आणि आपण काढलेले पक्षी वेगळे लिहावेत. बरा न होणारा पक्षी कोपऱ्यात तडफडत ठेवू नये. मरतूक कमी दिसावी म्हणून तर मुळीच नाही.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. भारतीय विधी आयोगाचा जुलै २०१७ चा २६९ वा अहवाल कोंबड्यांच्या संगोपन व वाहतुकीवरच आहे.

तरी ज्या सभासदांचे शेड आहे त्यांनी दहा रुपयांची वही आजच आणून त्यात रोज सात रकाने भरावेत : तापमान, पाणी, लिटर, पाय, लंगडे, मेलेले, काढलेले. बॅच उचलल्यावर ती वही हिशेबाच्या कागदाशेजारी ठेवून पाहावी. कोणत्या आठवड्यात पैसा गेला आणि कोणत्या आठवड्यात कोंबडीने सोसले, हे बहुधा एकाच पानावर सापडेल.