ग्राफिकल इंटरफेसमध्ये बदल कोठे करावा? जावा स्विंगच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

जावा शिकणारा विद्यार्थी बटण, मजकुराची चौकट आणि तक्ता पडद्यावर मांडायला लवकर शिकतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वर्गाचे गुणपत्रक तक्त्यात दाखवावे, ३५ पेक्षा कमी गुण लाल रंगात दिसावेत आणि एखादा गुण बदलला की एकूण बेरीजही बदलावी, एवढी साधी मागणी आली तरी पुष्कळ विद्यार्थी तयार तक्त्याच्या क्लासवरून नवा क्लास काढून त्याच्या आतील मेथड बदलू लागतात. प्रोग्रॅम कसाबसा चालतो, पण पुढच्या बदलाला कोलमडतो. लायब्ररीने बदलासाठी कोणत्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती जागा केव्हा निवडावी, हे शिकवले गेले तर हा दोष टळू शकतो. प्रस्तुत लेखात जावाच्या स्विंग लायब्ररीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यासोबत एडब्ल्यूटी ही लायब्ररी होती. तिच्यातील प्रत्येक बटणामागे विंडोज किंवा युनिक्स यांसारख्या कार्यप्रणालीचे स्वतःचे बटण असे. त्यामुळे सर्व प्रणालींवर उपलब्ध असतील तेवढेच घटक देता येत. तक्ता आणि वृक्षरचना हे घटक तीत नव्हतेच. बटणाचे रूप कार्यप्रणालीच्या हाती असल्याने प्रोग्रॅमरला त्यात फारसा हस्तक्षेप करता येत नसे.

डिसेंबर १९९८ मध्ये जेडीके १.२ सोबत स्विंग ही लायब्ररी जावाचा भाग झाली. मुख्य खिडक्या वगळता तिचे बहुतेक घटक जावामध्येच रेखाटले जातात. रेखाटन लायब्ररीच्या हाती आल्यामुळे ते प्रोग्रॅमरच्या हातीही देता आले. मात्र हे स्वातंत्र्य सरसकट दिलेले नाही. ते ठरावीक जागी विभागून दिलेले आहे.

बदलाच्या चार जागा

पहिली जागा म्हणजे मॉडेल. स्विंगमधील तक्ता, म्हणजे 'जेटेबल', स्वतः माहिती साठवत नाही. ती तो मॉडेलला विचारतो. 'ॲबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल' या क्लासवरून स्वतःचे मॉडेल करताना तीनच मेथड लिहाव्या लागतात : ओळी किती, स्तंभ किती आणि अमुक कोठ्यातील मूल्य काय. गुणपत्रकाची बेरीज येथेच करावी. कोठ्यातील गुण बदलता यावेत असे वाटत असेल तर आणखी दोन मेथड लिहाव्या लागतात, आणि बदल झाल्यावर मॉडेलने तशी सूचना द्यावी लागते. ही सूचना विसरली की आतील बेरीज बदलते, पडद्यावरील मात्र जुनीच राहते.

दुसरी जागा रेंडररची. कोठा कसा दिसावा हे तो ठरवतो. हजार ओळींच्या तक्त्यासाठी हजारो लेबले तयार होत नाहीत. एकच लेबल रबरी शिक्क्याप्रमाणे प्रत्येक कोठ्यावर उमटवले जाते. विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक यातूनच समजते. कमी गुणांसाठी रंग लाल केला, पण पुरेशा गुणांसाठी तो पुन्हा पूर्ववत केला नाही, तर नंतरचे कोठेही लाल दिसू लागतात. शिक्क्याला लावलेली शाई पुसली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी जागा संपूर्ण रूपाची, म्हणजे 'लुक अँड फील'ची. प्रत्येक घटकाचे रेखाटन वेगळ्या यूआय क्लासकडे सोपवलेले असते. त्यामुळे 'यूआयमॅनेजर'ला दिलेल्या एका आज्ञेने सगळ्या प्रोग्रॅमचे रूप पालटते. मेटल हे रूप आरंभापासून आहे. २००८ मध्ये जावा ६ च्या एका सुधारित आवृत्तीत निंबस आले. जेडीकेच्या बाहेर इतरांनी तयार केलेली रूपेही याच जागेत बसतात, आणि त्यासाठी मूळ प्रोग्रॅमची फेररचना करावी लागत नाही.

चौथी जागा म्हणजे स्वतःचा घटक. 'जेकंपोनंट'वरून नवा क्लास काढून 'पेंटकंपोनंट' या मेथडमध्ये हवे ते रेखाटता येते. एखादा आलेख किंवा नकाशा दाखवायचा असेल तर हाच मार्ग योग्य होय.

स्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी

पहिल्या जागेकडून चौथीकडे जाताना स्वातंत्र्य वाढते. परंतु लायब्ररी आपणहून करत असलेली कामेही त्याच प्रमाणात प्रोग्रॅमरच्या अंगावर येतात. पार्श्वभूमीही स्वतःच रंगवावी लागते. लेखनदिशेचेही तसेच. मराठी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, तर उर्दू उजवीकडून डावीकडे. 'जेटेबल'ला उजवीकडून डावीकडची दिशा दिली की त्याचे स्तंभ आपोआप उलट क्रमाने लागतात. हाताने रेखाटलेल्या तक्त्यात डावी कड गृहीत धरलेली असेल तर उर्दू गुणपत्रकासाठी तोच तक्ता नव्याने लिहावा लागतो.

याहून गंभीर बाब दृष्टिहीन वापरकर्त्यांची आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला 'जेटेबल' आपल्या ओळी, स्तंभ आणि मूल्ये कळवू शकतो. केवळ रेषा आणि अक्षरे काढून बनवलेला तक्ता डोळ्यांना तसाच दिसतो, पण त्या प्रणालीच्या लेखी तेथे काहीच नसते. ही माहिती पुरवण्याची सोय लायब्ररीत आहे. ती वापरण्याचे काम मात्र घटक लिहिणाऱ्याचे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

वर्गात गुणपत्रकाचे एकच उदाहरण चारही पायऱ्यांवर घेता येईल. प्रथम मॉडेल, मग रंगासाठी रेंडरर, त्यानंतर रूपबदल आणि शेवटी निकालाचा स्तंभालेख काढणारा स्वतंत्र घटक. प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा : हा बदल याआधीच्या जागी झाला असता का? उत्तर होकारार्थी असेल तर पुढे जाण्याचे कारण नाही.

समारोप

आंतरजालासाठीच्या आणि मोबाइलच्या लायब्ररींचा प्रसार झाल्यानंतरही स्विंग जेडीकेमध्ये टिकून आहे. तथापि उद्या विद्यार्थ्याच्या हाती दुसरी लायब्ररी आली तरी माहिती, तिचे दर्शन आणि रूप यांची ही विभागणी त्याला ओळखता येईल. जेवढी गरज तेवढ्याच खोलीवर बदल करणे, ही सवय त्याने सोबत न्यावी, यातच या पाठाचे सार्थक आहे.