यारीचा दोर आणि गव्हाणीचा दोर (लेखांक सातवा)

न्हावरे परिसरात पोलादी दोराची दोन भिन्न कामे आढळतात. विहीर खोदताना सुरुंगाने फुटलेले डबर बकेटमध्ये भरून वर ओढणारी यारी हे एक, आणि साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलून गव्हाणीत टाकणारी क्रेन हे दुसरे. यारीच्या दोराला मोकळा लोंबणारा, स्वतःभोवती फिरू शकणारा भार पेलावा लागतो, तर कारखान्यातील दोर गळीत हंगामात रात्रंदिवस पुलीवरून वाकत आणि सरळ होत राहतो. त्यामुळे दुकानात नुसता ‘बारा एमएमचा वायररोप’ मागितल्यास मागणी अर्धीच सांगितल्यासारखे होते.

बारीक तारांचा एक पेड आणि अशा पेडांना गाभ्याभोवती दिलेला पीळ, अशी या दोराची रचना असते. ‘६ × ३६’ म्हणजे सहा पेड व प्रत्येक पेडात छत्तीस तारा. दोर वाकतो तेव्हा या तारा एकमेकींवरून सरकतात, म्हणूनच त्याला यंत्राप्रमाणे वंगण लागते. १८३४ साली जर्मनीतील हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी साखळीऐवजी तारांचा दोर वापरात आणला. साखळीची एक कडी तुटली की सारा भार खाली येतो. दोराची एखादी तार तुटली तर उरलेल्या तारा भार धरून ठेवतात आणि पाहणाऱ्याला इशाराही मिळतो, अर्थात पाहणारा असेल तर.

१२ मिलिमीटर व्यासाचा, ६ × ३६ रचनेचा, तंतूच्या गाभ्याचा आणि १७७० प्रतीचा (म्हणजे तारेची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला १७७० न्यूटन असलेला) दोर सुमारे ८४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेआठ टन ओढीपर्यंत तुटू नये, अशी अपेक्षा असते. मात्र हा आकडा उचलण्याच्या वजनाचा नव्हे. त्याला सुरक्षितता गुणांकाने, सामान्य उचलकामासाठी पाचने, भागले की एका पदरावर पावणेदोन टनांच्या आतच भार राहतो, आणि त्यातही बकेटचे स्वतःचे वजन मोजावे लागते. माणसे न्यायची असतील तर भाजक किमान दहा धरतात, शिवाय ब्रेक आणि पाळणाही त्याच कामासाठी बनवलेले असावे लागतात. डबराच्या बकेटमध्येच उभे राहून विहिरीत उतरण्याची पद्धत या हिशेबात कोठेच बसत नाही.

तंतूचा गाभा वंगण धरून ठेवतो व दोर लवचीक राहतो. पोलादी गाभ्याने ताकद सुमारे आठ टक्के वाढते आणि ड्रमवर थरावर थर बसले तरी दोर चेपत नाही. पिळाचा प्रश्न यारीसाठी अधिक नाजूक आहे. साध्या पिळात पेडातील तारा एका दिशेने आणि पेड उलट दिशेने वळलेले असतात. लँग पिळात दोन्हींची दिशा एकच असते, त्यामुळे हा दोर झिजेला चांगला टिकतो, परंतु टोकाचा भार मोकळा असेल तर तो उलगडू लागतो. म्हणून यारीला लँग पीळ वर्ज्य होय. खोल विहिरीसाठी आतले व बाहेरचे पेड परस्परविरुद्ध वळलेला, न फिरणारा १८ × ७ दोर अधिक योग्य ठरतो.

मोटेचा जाड नाडा वरच्या मोठ्या चाकावरून आणि बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून जात असे. जाड दोराला मोठे चाक हे शहाणपण शेतकऱ्याला पूर्वीपासून अवगत होते. पोलादी दोरासाठी पुलीचा व्यास दोराच्या साधारण १८ ते २० पट, म्हणजे १२ मिलिमीटरला किमान २१६ ते २४० मिलिमीटर धरतात. पुली त्याहून लहान असल्यास तारा वाकून वाकून थकतात. पुलीची खाच जुन्या, झिजलेल्या दोराने अरुंद झालेली असेल, तर तिच्यात नवा दोर आवळला जाऊन लवकर खराब होतो; दोर बदलताना खाच न तपासणे ही खोटी काटकसर आहे.

बसवताना रीळ आसावर ठेवून फिरवतच दोर सोडावा. पडलेल्या वेटोळ्यातून बाजूने ओढल्यास आढी पडते, आणि आढी सरळ केली तरी त्या जागेचा कमकुवतपणा जात नाही. कापण्यापूर्वी कापाच्या दोन्ही बाजूंना तारेने घट्ट बांधावे, अन्यथा पेड उसवतात. रिळाच्या वरून सुटणारा दोर ड्रमच्याही वरूनच गुंडाळावा, म्हणजे त्याला उलटा बाक बसत नाही. बकेट तळाला टेकली तरी ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, कारण दोराचे टोक बांधणीपेक्षा या वेढ्यांच्या घर्षणानेच अधिक धरले जाते.

टोकाच्या फासाला यू-क्लॅम्प लावताना त्याची बैठक भार वाहणाऱ्या पदरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर यावा लागतो. उलट लावल्यास बोल्ट नेमक्या भाराच्या तारा चिरडतो. असे किमान तीन क्लॅम्प, दोराच्या व्यासाच्या सुमारे सहापट अंतराने, बसवतात. त्यानंतर रिकामी व पुढे हलकी भरलेली बकेट काही वेळा खाली-वर करून दोर मुरू द्यावा. पहिल्या ओढीने दोर किंचित बारीक होतो आणि क्लॅम्प सैल पडतात, म्हणून पूर्ण भार देण्यापूर्वी त्यांचे नट पुन्हा आवळावेत.