घरातलं सोनं खरं आहे का? कोणती तपासणी कधी करावी

बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारं कुटुंब असो की अणुऊर्जा केंद्राच्या परिसरातल्या घिवलीसारख्या गावातलं, अनेक घरांत खरी बचत कपाटातल्या डब्यात असते. एक मंगळसूत्र, दोन कानातले, आजीची एखादी पुतळी. मुलीची फी, दवाखाना, सुटलेली नोकरी अशा वेळी हेच सोनं बाहेर निघतं. आणि मोडीला नेल्यावर सराफ सांगतो, "हे बावीसचं नाही, अठराचं आहे." आपल्याकडे ना पावती, ना शिक्का, ना त्याला उलट विचारण्याइतकी माहिती.

हा फरक किती मोठा असतो? २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं आणि १८ कॅरेट म्हणजे ७५०. दोन तोळ्यांच्या, म्हणजे २० ग्रॅमच्या दागिन्यात तीन ग्रॅमहून जास्त सोनं कमी भरतं. म्हणूनच घरच्या घरी सोनं तपासायचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्यातलं काय उपयोगाचं आणि काय धोक्याचं, ते नीट समजून घेऊ.

आधी प्रश्न ठरवा

पद्धत निवडण्याआधी आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते ठरवा. "हे सोनं आहे की पितळ?" हा एक प्रश्न. "हे किती कॅरेटचं आहे?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घरी बऱ्यापैकी मिळतं. दुसऱ्याचं भरवशाचं उत्तर घरी मिळत नाही. बहुतेक फसगत होते ती पहिल्याचं उत्तर दुसऱ्याचं समजल्यामुळे.

चुंबक, व्हिनेगर, दात

सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण तांबं, पितळ आणि चांदीही चिकटत नाहीत. त्यामुळे दागिना चिकटला तर आत लोखंड आहे एवढंच कळतं. चिकटला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. उलट खऱ्या सोन्याच्या साखळीच्या फाशात पोलादी स्प्रिंग असू शकते. तेवढाच भाग चिकटला तर घाबरू नका.

पाण्यात बुडतं का हे पाहणंही निरर्थक आहे, कारण पितळही बुडतं. दातांनी चावून किंवा फरशीवर घासून दागिन्याचं नुकसान होतं आणि कॅरेट कळत नाही. व्हिनेगरमध्ये रंग बदलला नाही, तरी वरचा मुलामा चांगला आहे यापलीकडे काही कळत नाही.

घरची सगळ्यात बरी पद्धत: घनता

सोनं फार जड असतं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, २२ कॅरेटची साधारण १७.५ ते १८, १८ कॅरेटची १५ ते १६, चांदीची १०.५ आणि पितळेची साधारण ८.५. हा फरक घरी मोजता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो.

१. दागिना कोरडा करून वजन करा.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा.
३. दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. बुडबुडे हलवून काढा.
४. काट्यावर आलेल्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा.

समजा बांगडी १० ग्रॅम आहे आणि पाण्यात धरल्यावर ०.५७ आकडा आला. १० भागिले ०.५७ म्हणजे १७.५. पितळ असतं तर आकडा १.१८ च्या आसपास आला असता. एवढा फरक लपत नाही.

आता मर्यादा. याच बांगडीत मोजताना ०.०२ ची चूक झाली तर उत्तर १६.९ ते १८.२ मध्ये कुठेही येईल. म्हणजे २० कॅरेट आणि २२ कॅरेट वेगळे करता येणार नाहीत. दोन ग्रॅमच्या कानातल्यात तर ही पद्धत चालतच नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांत लाख भरलेली असेल, दागिना पोकळ असेल किंवा खडे-मणी असतील, तर खरं सोनंही हलकं दिसेल. आणि टंगस्टन या धातूची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या अगदी जवळ; त्यामुळे जाड बिस्किटात तो आत भरलेला असेल तर काटा फसतो. थोडक्यात, ही पद्धत भरीव, खडे नसलेल्या, पाच-दहा ग्रॅमच्या पुढच्या दागिन्यासाठी.

ॲसिड घरी आणू नका

सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो, शेजारी ठाऊक शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढतो आणि ॲसिडचा थेंब टाकून दोन्ही रेघा ताडून पाहतो. "बावनकशी सोनं" हा शब्द याच कसातून आला. सरावलेल्या हाताला यातून चांगला अंदाज येतो. पण नवख्याच्या हातात ही पद्धत कच्ची आहे. रेघ वरच्या मुलाम्याचीच ओढली गेली तर उत्तर चुकतं.

आपल्या भागात एक वेगळा धोका आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने भरपूर, त्यामुळे "कंपनीतून थोडं नायट्रिक आणतो" असं म्हणणारा कुणी तरी भेटतोच. ते तीव्र ॲसिड त्वचा आणि डोळे जाळतं. धातूवर पडलं की तपकिरी वायू निघतो. तो छातीत गेल्यावर लगेच फार त्रास होईलच असं नाही; काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन जीवावर बेतू शकतं. एका खोलीच्या घरात, लहान मुलांसमोर हा प्रयोग कधीही करू नये.

दारावर येऊन "सोनं पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. त्यांच्या द्रावणात सोनं विरघळवणारं आम्लराज असू शकतं. दागिना चकाकतो आणि वजन घटतं. तसंच "खोदताना सोनं सापडलं, स्वस्तात देतो" या फसवणुकीत नमुन्याचे मणी खरे असतात. तुम्ही नमुना तपासता, विकत घेता ते पितळ.

कॅरेट हवं असेल तर

आठव्या शतकातले बौद्ध आचार्य शांतरक्षित यांच्या "तत्त्वसंग्रह" या ग्रंथात सोन्याचा दृष्टान्त आहे: सोनं तापवून, कापून, कसावर घासून पारखतात, तसं बुद्धवचनही पारखून घ्यावं, केवळ आदरापोटी नाही. त्यातलं तापवणं आणि कापणं आजही लागतं. हॉलमार्किंग केंद्रात आधी एक्सआरएफ यंत्राने दागिना पाहतात. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. म्हणून शेवटचा निर्णय अग्निपरीक्षणाने होतो: थोडा नमुना काढून, शिशासोबत भट्टीत तापवून, उरलेलं शुद्ध सोनं तोलायचं.

भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या केंद्रात सामान्य ग्राहकही शिक्का नसलेला जुना दागिना तपासून घेऊ शकतो. २०२२ मध्ये जाहीर झालेला दर चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये होता. जाण्याआधी आजचा दर विचारा, आणि लेखी अहवाल घ्या.

नवीन दागिना घेताना तीन खुणा पाहा: ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाका; दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली पाहिजे. "केडीएम" हा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे. शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली तर २०१८ च्या नियमांनुसार फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी पावती हवी.

सोनं गहाण ठेवताना तपासणी तुमच्यासमोर व्हावी आणि वजन, शुद्धता लिहून मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो हक्काने मागा.

कार्यकर्त्यांसाठी

विहारातल्या एका रविवारच्या बैठकीत हे शिकवता येईल. दागिने गोळा करू नका. एक वजनकाटा, पितळेचा एक तुकडा आणि एक मोबाइल पुरेसा आहे. घनता मोजून दाखवा, ॲपमध्ये क्रमांक कसा टाकायचा ते प्रत्येकीच्या हाताने करून घ्या. मोडीला किंवा गहाण ठेवायला कुणी एकटी जाणार असेल तर सोबत जा. आपल्या माणसांची कष्टाची कमाई सराफाच्या एका वाक्यावर घटू नये, एवढं तर आपण नक्की करू शकतो.